सिस्टरम्माची तहान

मला भुताखेतांचं काही सांगू नका, असं मी आयुष्यभर लोकांना बजावत आले. आमच्या घरात भिंतीवर बावीस प्रतिज्ञा लावलेल्या. वडील गिरणीत कामाला होते. वाटेत कुणाच्या अंगात आलेलं दिसलं की ते मुद्दाम थांबून बघायचे आणि घरी येऊन आम्हाला नक्कल करून दाखवायचे. त्यांची मी मुलगी, आणि वर तीस वर्षं बाळंतपणं केलेली नर्स. माणूस येतो कसा आणि जातो कसा, हे मी हातभर अंतरावरून पाहिलंय. म्हणून पुढचं सांगताना माझी मलाच लाज वाटते. पण अर्धवट ऐकून लोक भलतंच बोलायला लागलेत, तेव्हा एकदा सगळं सांगून टाकते.

गेल्या वर्षी उन्हाळा सुरू होताना एक तरुण फादर घर शोधत माझ्याकडे आले. वसईकडचे होते, मराठी गोड, पण सोलापूरच्या उन्हाने चेहरा पार लाल झालेला. त्यांनी सांगितलं की आमच्या सिस्टरला संत ठरवावं का, याची चौकशी त्यांच्या धर्मप्रांताने सुरू केली आहे. मी आधी हसलेच. अक्कलकोट रोडवरच्या छोट्या प्रसूतिगृहात मी बावीस वर्षं तिच्या हाताखाली काढली होती. नन होऊन मंगळूरकडून विशीत सोलापुरात आली आणि इथलीच झाली. कापसाचा बोळा जरा मोठा घेतला तरी हातावर फटका मारायची. चहात साखर जास्त पडली तर तो चहा पुन्हा भांड्यात ओतायला लावायची. आणि मैंदर्गीच्या स्टँडवर, दोन लुगडी आडवी धरायला लावून, बसच्या मागे बाळंतपण करणारीही तीच. लग्नाआधी दिवस गेलेल्या पोरींना घरच्यांनी हाकललं की ती त्यांना आपल्या खोलीत निजवायची आणि स्वतः व्हरांड्यात सतरंजी टाकायची. पूर्व भागातल्या विडी वळणाऱ्या बायका तेलुगू बोलणाऱ्या, आईला अम्मा म्हणणाऱ्या. त्यांनी ते अम्मा तिलाही जोडून टाकलं होतं. सगळ्या तिला सिस्टरम्मा म्हणायच्या.

फादर म्हणाले, तिला ओळखणाऱ्या सगळ्यांच्या साक्षी घेणार आहेत, आणि त्यात माझी महत्त्वाची आहे, कारण शेवटच्या दिवशी तिच्या उशाशी मी एकटीच होते. मग मी हसायची थांबले.

तो शेवटचा दिवस आधी सांगते. आमच्या प्रसूतिगृहात एक नियम होता. बाईला कळा जोरात सुरू झाल्या की तिला पाणी द्यायचं नाही. केस बिघडली, मोठ्या दवाखान्यात न्यावी लागली, भूल द्यावी लागली, तर पोटातलं पाणी उलटून छातीत जातं. अशी एक पोर सिस्टरच्या डोळ्यांदेखत गेली होती. सासूने मायेपोटी तिला तांब्याभर पाणी पाजलं होतं. तेव्हापासून सिस्टरने ठरवून टाकलं, की ओठसुद्धा ओले करायचे नाहीत. ओठ ओले केले की माणूस आणखी मागतं, असं तिचं म्हणणं. मे महिन्यात, पत्र्याखाली, बाया पाण्यासाठी अक्षरशः रडायच्या. तिची पाठ वळली की मी गॉजचा तुकडा भिजवून त्यांच्या ओठांवरून फिरवायची. त्यात धोका काही नाही, हे मला कळत होतं. बावीस वर्षांत कितीजणींचे ओठ मी असे चोरून ओले केले असतील, कोण जाणे.

माझं पहिलं बाळंतपणही तिथेच झालं, तेही ऐन मे महिन्यात. नऊ तास मी तिच्याकडे पाणी मागत होते. ती माझा हात धरून बसली होती. उठली नाही, जेवली नाही, पण पाणी काही दिलं नाही. 'सगळ्यांना एकच नियम, नर्सबाई,' म्हणाली. मी काही चुकले की ती मला नर्सबाई म्हणायची, एरवी नावाने हाक मारायची. मुलगा सुखरूप झाला, तिनेच त्याला पहिली अंघोळ घातली, बारशाला झबलं शिवून दिलं. पण ते नऊ तास माझ्या मनातून गेले नाहीत. काम मी चोख करत राहिले आणि आतून तिच्यावर डूख धरून राहिले.

पुढे ती म्हातारी झाली आणि तिला अर्धांगाचा झटका आला. डावी बाजू गेली, गिळता येईना. डॉक्टरांनी तोंडाने काही पाजायचं नाही म्हणून सांगितलं आणि सलाईन लावलं. अकरा वर्षं झाली त्याला. भर दुपार होती, धाकट्या सिस्टर प्रार्थनेला गेल्या होत्या, खोलीत आम्ही दोघीच. तिने डोळे उघडले आणि पाणी म्हणाली. जीभ जड झालेली, पण शब्द स्वच्छ कळला. टेबलावर वाटीत गॉज होता, शेजारी उकळून गार केलेलं पाणी होतं. मी म्हटलं, 'सिस्टर, नियम तुमचाच आहे.' तिने माझ्याकडे पाहिलं. पुन्हा मागितलं नाही. तासाभरात ती गेली.

हे मी कुणालाच सांगितलेलं नव्हतं. नवऱ्याला नाही, मुलाला नाही. म्हणून फादरांच्या तोंडून संत हा शब्द ऐकला आणि मला ते एकदम हवंहवंसं वाटायला लागलं. देव मी मानत नाही. पण एवढी शिकलेली माणसं वर्षानुवर्षं कागद तपासून, चारचौघांना शपथेवर विचारून जर म्हणणार असतील की ही बाई आता सुखात आहे, तर त्यांचं ऐकायची माझी तयारी होती. संत झालेल्या माणसाला तहान लागत नसणार. अडला हरी म्हणतात ना, तशी माझी गत झालेली. मी फादरांना म्हटलं, काय लागेल ती मदत करीन.

फादरांची अडचण भलतीच निघाली. त्यांच्यात असा दंडक आहे की चर्चने ठरवण्याआधी त्या व्यक्तीची उघड पूजा झालेली नसावी. कुणी मनात आठवण केली, कबरीवर फूल ठेवलं, तर हरकत नाही. पण नवस, पूजा, देव्हारा असलं काही दिसलं की फाईल अडकते. पावसाळ्याआधी पुण्याहून एक वयस्कर फादर येणार होते. कबर बघून, लोकांना विचारून, तशी पूजा होत नाही असं त्यांनी लिहायचं, मग पुढचं सगळं. 'आणि इथे काय चाललंय ते तुम्ही एकदा येऊन बघा,' तरुण फादर म्हणाले. बोलताना त्यांचा आवाज इतका खाली गेला की मला त्यांची दया आली.

प्रसूतिगृह केव्हाच बंद पडलंय, पुढच्या दोन खोल्यांत बालवाडी भरते. मागे कडुलिंबाखाली चार सिस्टरांच्या कबरी आहेत. तीन नुसत्याच होत्या. चौथी, आमच्या सिस्टरची, खणानारळाने ओटी भरून ठेवलेली. हिरव्या बांगड्या, तांदूळ, हळकुंड, सुपारी, क्रुसाला हळदीकुंकू. जन्मभर लग्न न केलेल्या बाईची ओटी भरणं आमच्याच बायकांना सुचावं. त्यांच्या लेखी त्यात काही वावगं नव्हतं. आपल्या पोराला जिने पहिल्यांदा हातात घेतलं, तिची ओटी नाही भरायची तर कुणाची? मी कपाळावर हात मारला. आणि या सगळ्याच्या मधोमध स्टीलचा एक पेला होता, पाण्याने काठोकाठ भरलेला.

आम्ही सगळं उचललं, क्रूस धुतला. मी वस्तीत जाऊन बायकांना फैलावर घेतलं. असल्या प्रकाराने तुम्ही तिचंच वाटोळं कराल, हे त्यांना चांगलं समजावून सांगितलं. मला त्या भागात मान आहे, निम्म्या वस्तीच्या नाळा मी कापल्यात. खण-बांगड्या बंद झाल्या. पेला मात्र बंद झाला नाही. सकाळी आठला बालवाडीचं फाटक उघडायचं तेव्हा तो कबरीवर असायचा. वॉचमनने आईची शपथ घेतली की कुणी आत आलं नाही. मागच्या भिंतीला खाली एक भगदाड सापडलं, ते मी दगड लावून बुजवलं. मनात म्हटलं, झालं, भूत बुजलं. दुसऱ्या दिवशी पेला जागेवर होता. आदल्या संध्याकाळी वावटळ सुटून अंगणभर पिठासारखी धूळ बसली होती, आणि त्या धुळीत माझ्या चपलांचे ठसे सोडले तर एकही ठसा नव्हता. पाणी काठाला टेकलेलं, बाहेर एक थेंब सांडलेला नाही. मी बोट बुडवून पाहिलं. चांगलंच गार होतं. मी तो पेला झाडाच्या मुळाशी ओतला आणि पदराला बोट पुसलं, तरी गारवा बराच वेळ बोटाला राहिला.

आमच्याकडे नळाला पाच दिवसांनी पाणी येतं. पाणी सुटायच्या दिवशी वस्तीतल्या झाडून सगळ्या बायका गल्लीत सापडतात, म्हणून त्या दिवशी मी गेले आणि सरळ विचारलं की पेला कोण ठेवतं. बराच वेळ कुणी ताकास तूर लागू दिली नाही. शेवटी बॅरल भरत असलेली एक बाई माझ्याकडे न बघताच बोलली.

'ती मागती की, अक्का. मंगळवारी येती तवा आदी पाणीच मागती.'

कोण येते, कुठे येते, हे मग हळूहळू बाहेर आलं. विडी वळणाऱ्या एका बाईच्या अंगात मंगळवारी दुपारी सिस्टरम्मा येत होती, वर्षभर. मी त्या बाईला ओळखत होते. आमच्या झाडूवालीची ती मुलगी. दहा वर्षांची होईपर्यंत आमच्या व्हरांड्यातच वाढलेली. आता चाळिशीची असेल. म्हणजे ढोंग आहे आणि ते ढोंग कुठून आलं तेही कळलं, असं मी मनाशी म्हटलं. पण पाण्याचं काही मनातून जाईना, हे खोटं कशाला सांगू. तिथून घरापर्यंत मी चालत आले, रिक्षा करायचंसुद्धा सुचलं नाही.

येत्या मंगळवारी हे दुकान बंद करायचं, असं ठरवून मी गेले. तोंडावर चार खडसावायची, गरज पडली तर पोलिसांची भीती घालायची, एवढं सगळं मनात घोकलेलं. दोन खोल्यांचं घर, दोन्ही बाजूंना यंत्रमाग. मागांच्या खडखडाटात शेजारी बसलेल्याचं बोलणं ऐकू येत नव्हतं. आत तीसेक बायका दाटीने बसल्या होत्या. बुरख्यातल्या होत्या, मोठं कुंकू लावलेल्या होत्या, आमच्या विहारात येणाऱ्या दोघीसुद्धा होत्या. त्यांनी मला बघून माना खाली घातल्या. मी मागे दाराजवळ, एका उंच बाईच्या आडोशाला बसले. विडीच्या पानांचा आणि तंबाखूचा वास कोंडला होता.

ती बाई सुपातल्या विड्या बाजूला सारून उठली. न्हाणीत जाऊन तांबड्या साबणाने कोपरापर्यंत हात धुतले. नखं एकेक करून घासली. मग पांढरा टॉवेल डोक्यावरून घेऊन मानेमागे बांधला. घुमणं नाही, केस सोडणं नाही, किंचाळणं नाही. अंगात आलेल्या बाया मी लहानपणी वडिलांच्या नकलांत पाहिल्या होत्या, त्यात असलं काही नव्हतं. तेवढ्यात लाईट गेली आणि सगळे माग एकदम थांबले. त्या भागात माग थांबले की कानात दडे बसल्यासारखं होतं.

एक गरोदर पोर तिच्यापुढे येऊन चटईवर पडली. या बाईने दोन्ही तळवे एकमेकांवर घासून गरम केले आणि मग पोटावर ठेवले. डोळे मिटलेले. बोटं वरून खाली, एका बाजूने दुसऱ्या बाजूला गेली, थांबली, परत फिरली. ती बोटं मी बावीस वर्षं रोज पाहिली होती. 'आडवं आहे,' ती म्हणाली. 'आजच मोठ्या दवाखान्यात जा. उद्या नको.' एरवी हाय-न्हाय बोलणारी बाई, आता एकेक शब्द सुटा आणि मोजका उच्चारत होती. शाळेच्या पुस्तकातून मराठी शिकलेल्या माणसासारखं.

मला राहवलं नाही. मी बायकांमधून वाट काढत पुढे गेले आणि पोरीच्या पोटाला हात लावला. मूल आडवं होतं. मी त्या पोरीच्या नवऱ्याला बाहेरून बोलावून घेतलं, रिक्षात बसवून दोघांना पाठवून दिलं. लहानपणी बघून शिकली असणार, असं मी स्वतःला समजावत होते. दहा वर्षांची पोर दाराच्या फटीतून काय काय बघते, आपल्याला काय माहीत. रिक्षा गेल्यावर मी तशीच घरी निघून जायला हवं होतं. पण मी परत आत आले.

तेव्हा तिने पाणी मागितलं. पुढच्या बाईने तयारच ठेवलेला पेला तिच्या तोंडाला लावला. पाणी आत गेलं आणि तोंडाच्या डाव्या कोपऱ्यातून सगळं बाहेर आलं, हनुवटीवरून गळ्यावर, गळ्यावरून चोळीवर. बायका हळहळल्या. दर वेळी असंच होतं, कुणीतरी माझ्या कानाशी सांगितलं, मागते आणि पीत नाही, म्हणून मग आम्ही कबरीवर ठेवून येतो. मी तिच्या तोंडाकडे बघत होते. चेहऱ्याची डावी बाजू खाली ओघळली होती. झटका आलेले चेहरे मी खूप पाहिलेत. ओठ वाकडा करून दाखवता येतो, पण गाल असा सुटा पडलेला, नाकापासून ओठापर्यंतची रेघ पुसली गेलेली, हे कुणाला ठरवून जमत नाही.

तिने डोळे उघडले. तिच्या आणि माझ्या मध्ये आता कुणी नव्हतं.

'आलीस, नर्सबाई,' ती म्हणाली. मग थोडा वेळ दम घेतला. 'नियम माझाच आहे. मोडशील का?'

त्या खोलीत अकरा वर्षांपूर्वी आम्ही दोघीच होतो. दार लोटलेलं होतं. बाहेर व्हरांड्यात कुणी नव्हतं, प्रार्थनेची घंटा होऊन गेली होती. हे मी नंतर शंभरदा तपासून पाहिलंय. त्या क्षणी मात्र मी काहीच तपासलं नाही. मी न्हाणीत गेले आणि सवयीने आधी हात धुतले. स्वच्छ कापड मागितलं. कुणीतरी पेटीतून कोरा पांढरा रुमाल काढून दिला. तो भिजवला, पिळला, आणि तिच्याजवळ गुडघ्यावर बसून तिच्या ओठांवरून फिरवला. आधी खालचा, मग वरचा. पुन्हा भिजवला आणि थेंब थेंब उजव्या बाजूने सोडला. तिचा गळा हलला. गिळल्याचा आवाज मला ऐकू आला. माग बंद होते म्हणूनच ऐकू आला. मी रडत होते आणि बडबडत होते, काय ते आठवत नाही. मग तिची मान माझ्या खांद्यावर आली आणि ती झोपी गेली. गाल सरळ झाला होता.

लाईट आली, माग सुरू झाले. बायका माझ्या पाया पडायला लागल्या तेव्हा मी सगळ्यांच्या अंगावर ओरडले आणि तिथून निघाले. घरी येऊन चहा टाकला तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. मी गेले होते दुकान बंद करायला. आणि तीस बायकांसमोर, सिस्टरची बावीस वर्षांची नर्स, मीच शिक्का मारून आले होते की ही खरी सिस्टरम्मा. आगीतून फुफाट्यात पडणं म्हणजे काय ते त्या दिवशी कळलं. उद्यापासून बार्शीहून बसगाड्या भरून बाया येणार आणि सिस्टरची फाईल कायमची बासनात जाणार, आणि ती घालवणारी मी.

झालं वेगळंच. पुढच्या मंगळवारी गर्दी दुप्पट झाली, पण सिस्टरम्मा आली नाही. त्याच्या पुढच्याही मंगळवारी नाही. ती विडीवाली एक दिवस माझ्याकडे आली, उंबऱ्यातच उभी राहिली.

'ती येत न्हाय आता, अक्का. मला लई हलकं वाटतंय. बाया तेवढ्या चिडल्यात माज्यावर.'

मी तिला आत बसवलं आणि जे विचारायचं ते विचारलं. सिस्टर गेली त्या दिवशी तुझी आई तिथे होती का, तिने तुला काही सांगितलं होतं का. तिने माझ्याकडे जरा विचित्र नजरेने बघितलं. तिची आई सिस्टरच्या आधी वर्षभर गेली होती, आणि हे मला माहीत असायला हवं होतं, कारण मातीला मी स्वतः गेले होते. मग मी पेल्याचं विचारलं. मंगळवारचा पेला आम्ही ठेवायचो, बाया पुढच्या बाजूने, उघड्या फाटकातून जाऊन ठेवायच्या, असं ती म्हणाली. रोजचा पेला त्यांच्यातल्या कुणाचा नव्हता. आता कबरीवर पेला दिसत नाही, हे मी तिला सांगितलं नाही. पोहे खाऊन ती गेली, आणि मी संध्याकाळपर्यंत घरातले सगळे दिवे लावून बसले.

पुण्याचे वयस्कर फादर आले तेव्हा कबर स्वच्छ होती. बायका गप्प होत्या. तरुण फादर आदल्या दिवशी माझ्याकडे येऊन गेले. वस्तीतलं त्यांच्या कानावर आलं असावं, पण त्यांनी नाव काढलं नाही. एवढंच म्हणाले, आता सगळं शांत आहे, विचारतील तेवढ्याचंच उत्तर द्या. भला माणूस, सिस्टरवर त्याचा खराच जीव. मी गप्प बसले असते तर कुणाचंच नुकसान नव्हतं. सिस्टर संत होण्याच्या वाटेला लागली असती, आणि मला हवं होतं तेच घडलं असतं. दोन दिवस मी भाकरी थापताना, भांडी घासताना 'नाही' म्हणायची तालीम करत होते.

साक्ष बालवाडीच्या खोलीत झाली. मी बौद्ध आहे म्हटल्यावर त्यांनी बायबल बाजूला ठेवलं आणि आपल्या मनाला स्मरून खरं सांगा म्हणाले. जाड चष्मा, हातात शाईचं पेन, प्रत्येक उत्तर स्वतः लिहून घेत होते. तिचा स्वभाव कसा होता, विचारलं. मी कापसाचा बोळा सांगितला, मैंदर्गीचा स्टँड सांगितला, व्हरांड्यातली सतरंजी सांगितली. मग तो प्रश्न आला. तिची पूजा होताना तुम्ही पाहिली आहे का?

मी हो म्हटलं. ओटी सांगितली, मंगळवार सांगितले, ती आडव्या मुलाची पोर सांगितली, आणि रुमाल भिजवून ओठांवरून फिरवणारी मीच, हेही सांगितलं. तरुण फादर खिडकीशी उभे होते, त्यांनी डोळे मिटून घेतले. वयस्कर फादरांनी पेन खाली ठेवलं. तुम्ही तर असलं काही मानत नाही, मग तुम्ही पाणी का दिलंत, असं त्यांनी अगदी साधेपणाने विचारलं. तेव्हा ती दुपार बाहेर आली. बाळंतपणाचे नऊ तास, वाटीतला गॉज, आणि मी काय बोलले ते. बोलताना मी त्यांच्याकडे नाही, फळ्यावर लिहिलेल्या बाराखडीकडे बघत होते.

ते म्हणाले, हे सगळं लिहिलं की रोमपर्यंत जाईल. पूजेचं जे तुम्ही सांगितलंत ते तिच्या विरोधात जाऊ शकतं. बाकीचं तुमच्या नावावर राहील. उद्यापर्यंत विचार करा हवं तर.

मी म्हटलं, 'अकरा वर्षं विचारच केलाय, फादर. लिहा.'

त्यांनी बराच वेळ लिहिलं. मग रीत असते म्हणून पहिल्यापासून मला वाचून दाखवलं. ओटी बरोबर होती, मंगळवार बरोबर होते. शेवटच्या दुपारचं वाक्य असं होतं: 'डॉक्टरांच्या सूचनेनुसार साक्षीदाराने रुग्णाला पाणी दिले नाही.' त्यांनी ते माझ्यासाठीच तसं लिहिलं होतं, हे मला कळलं. खोटंही नव्हतं ते. त्या वाक्याखाली मी उरलेलं आयुष्य आरामात काढलं असतं.

मी म्हटलं, असं झालं नाही. ओठ ओले करायला डॉक्टरांची मनाई नव्हती. मी रागाने दिलं नाही, तसं लिहा.

मग त्यांनी ते वाक्य एका रेघेने खोडलं आणि वर बारीक अक्षरात मी सांगितलेलं लिहिलं. खाडाखोड असली की तिच्या शेजारी साक्षीदाराची वेगळी सही लागते, म्हणाले. मी ती केली.